होडीतून नदी साफ करायची, की आधी नाल्याचं तोंड बंद करायचं?

वल्हेकरी:
गेले आठ महिने दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण दोन होड्या घेऊन नदीत उतरतो आणि कचरा काढतो. परवा एका जुन्या मित्राने तोंडावर सांगितलं, "तुम्ही फुकट राबताय, वरून घाण सोडणारे निवांत आहेत." मनाला लागलं, म्हणून इथे मांडतोय.

माझं मत: हे काम करायलाच हवं, आणि होडीतूनच करायला हवं. काठावरून हाताला लागतो तो कचरा थोडाच. खरा साठा पाण्यावर वाकलेल्या फांद्यांत, पुलाच्या खांबांपाशी आणि बेटाच्या पलीकडच्या अंगाला असतो. तिथे पायी पोचता येत नाही. शिवाय उशीर परवडत नाही. झाकण घट्ट असलेली बाटली तरंगते, पण पाणी आत शिरलं की तळाला जाते, कारण तिचं प्लास्टिक पाण्याहून जड असतं. गाळात रुतल्यावर ती कोण काढणार?

मिसिसिपी नदीवर चॅड प्रेग्राके नावाच्या तरुणाने १९९७ मध्ये जवळजवळ एकट्याने, साध्या होडीतून सुरुवात केली. पुढच्याच वर्षी त्याची संस्था उभी राहिली. त्यालाही तेव्हा कुणीतरी 'फुकट राबतोस' म्हटलंच असेल.

तळ_दिसत_नाही:
तुमच्या कष्टाबद्दल आदर आहे, पण तुमचा मित्र बरोबर बोलला. तुम्ही काढता ते डोळ्यांना दिसणारं. नदी मरते ती न दिसणाऱ्या गोष्टीने. मैलापाणी पाण्यात मिसळलं की ते कुजवताना जीवाणू विरघळलेला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. वरची प्रत्येक पिशवी उचललीत तरी त्या प्राणवायूत काडीचा फरक पडत नाही.

लंडनची थेम्स बघा. १९५७ मध्ये तिचा शहरातला पट्टा जैविकदृष्ट्या मृत ठरवला गेला होता. आज तिच्या खाडीपट्ट्यात माशांच्या शंभराहून जास्त जाती आहेत, सील दिसतात. हे मुख्यतः मैलापाणी शुद्ध करणारी केंद्रं सुधारल्यामुळे झालं. अमेरिकेतल्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट तवंगाने १९६९ मध्ये पेट घेतला. त्यावरून लोक खवळले, आणि १९७२ मध्ये तिथे पाणी स्वच्छ ठेवण्याचा कडक कायदा आला त्यामागे तो संतापही होता. तुम्ही दर रविवारी तो संतापच शांत करताय. नदी वरवर बरी दिसली की पुलावरून जाणाऱ्याला काही खुपत नाही.

वल्हेकरी:
संताप शांत होतो, हे मला पटत नाही. होडीत बसायला लागल्यापासून माझा तरी वाढलाय. पुलावरून नाल्याचं तोंड दिसत नाही, ते झुडपांमागे असतं. आम्हाला अशी तीन तोंडं सापडली आणि तिन्ही ठिकाणी पाऊस नसतानाही काळं पाणी वाहत होतं. पावसाचं पाणी नेणाऱ्या नाल्यातून कोरड्या दिवसांत पाणी येतंय म्हणजे कुणीतरी मैलावाहिनी त्याला जोडली आहे.

पाणकोंबडी:
या वादात नदीत राहणाऱ्यांचं कुणी बोलत नाहीये. पडलेलं झाड, वाळकी खोडं, काठचं गवत हा कचरा नव्हे, पिल्लं तिथेच दडतात. स्वयंसेवक उत्साहात सगळंच उपसतात, हे मी पाहिलंय. पक्ष्यांच्या विणीच्या काळात त्या भागात होडी नेऊच नका. उथळ पाण्यात मोटार लावली तर पंखा गाळ ढवळतो आणि तळाशी बसलेली घाण पुन्हा पाण्यात येते. वल्ही वापरा. जलपर्णी अर्धवट तोडून सोडू नका. उरलेल्या तुकड्यांतून तिचा पसारा दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो.

तळ_दिसत_नाही:
आणि जिवाचं काय? एका बाजूला सगळे वाकले की होडी कलंडते. ओलं कापड, गाद्या यांचं वजन अंदाजापेक्षा कितीतरी जास्त भरतं. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात आलेला लेप्टोस्पायरोसिस हाताच्या ओरखड्यातूनही शिरतो. तरंगता कचराच काढायचा तर बाल्टिमोरसारखं करा. तिथे २०१४ पासून नदीच्या मुखाशी प्रवाहावर आणि सौरऊर्जेवर फिरणारं चाक दिवसरात्र कचरा उचलतं. माणसं घालण्यापेक्षा ते बरं.

वल्हेकरी:
लाईफ जॅकेट, जाड हातमोजे, वाकणारा एकच, दुसरा समोरच्या बाजूला बसून तोल धरणारा, हे आम्ही पहिल्या दिवसापासून पाळतो. हातावर जखम असेल तर तो माणूस काठावर पोती बांधतो. चाक चांगलंच, पण ते मुखाशी. वरच्या मैलोगणिक पात्रात अडकलेलं ते कसं काढणार? पाणकोंबडी, खोडांचं मात्र आमचं चुकलंय. दोन मोठी खोडं आम्ही ओढून काढली होती. यापुढे काढणार नाही.

नाडीपरीक्षा:
इतका वेळ नुसती वाचत होते. वल्हेकरी, त्या तीन तोंडांचं पुढे काय केलंत?

वल्हेकरी:
एकदा तोंडी तक्रार केली. 'बघतो' म्हणाले. नंतर काही नाही.

तळ_दिसत_नाही:
हेच म्हणतोय मी. आठ महिने पोती भरलीत आणि नाल्यासाठी एक तोंडी तक्रार. येत्या रविवारी एक होडी कचऱ्याला लावा आणि दुसरी त्या तोंडांपाशी न्या. तारीख, वेळ, आदल्या दिवसांत पाऊस नव्हता याची नोंद, छायाचित्रं. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दर आठवड्याला तोच अर्ज, नव्या छायाचित्रांसह. कचऱ्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पण त्या दुसऱ्या होडीत मी बसायला तयार आहे.

वल्हेकरी:
सकाळी साडेसहाला निघतो. पोहता येतं ना?