जॅकार्डच्या पत्त्यांपासून संगणककलेपर्यंत: फलकावर काय लिहावं, मागावर काय विणावं?

शून्य_एक (प्रश्न)
जानेवारीत गड्ड्याच्या सुमारास सोलापुरात संगणककलेच्या इतिहासावर छोटं प्रदर्शन मांडायचं आहे. पहिल्या फलकाचा मसुदा असा: “जॅकार्डच्या पत्त्यांतून संगणक जन्मला आणि संगणकातून डिजिटल कला.” (जॅकार्ड म्हणजे भोकं पाडलेल्या पत्त्यांवरून मागावरचे धागे उचलणारं यंत्र.) चादरीच्या गावात हे लगेच पटेल, पण इतिहास म्हणून टिकेल का?

दुसरं, जर्मन संगणककलाकार गेओर्ग नेस यांच्या ‘शॉटर’ या चित्राच्या धर्तीवर (१२ स्तंभ, २२ ओळी, वर शिस्तीत बसलेले चौकोन, खाली येईल तसे विस्कटत जाणारे) स्वतःच्या प्रोग्रॅममधून काढलेली आकृती पत्त्यांच्या मागावर विणून लावायची आहे. ४०० हुकांचा (धागे उचलणाऱ्या आकड्यांचा) जॅकार्ड, सरळ बांधणी (तीच आकृती पन्ह्यात पुन्हा पुन्हा येते ती), इंचाला ताण्याचे (उभे) ४० धागे, बाण्याचे (आडवे) ३२, पन्हा (कापडाची रुंदी) ६० इंच. फाईल ४०० × ४०० पिक्सेलची आहे. तशीच पंचिंगला, म्हणजे पत्त्यांना भोकं पाडायला, देऊ का?

फणी_४०
तशीच देऊ नका. तुमचा पिक्सेल चौकोनी आहे, कापडाचा नाही. रुंदीत ताण्याचे ४०० धागे १० इंचांत बसतील, पण ४०० बाणे साडेबारा इंच घेतील. सगळे चौकोन उभे ताणलेले दिसतील आणि बघणाऱ्याला वाटेल तीच कला.

हिशोब असा करा. १२ स्तंभ, प्रत्येकी २८ धागे, म्हणजे ३३६. उरले ६४, ते दोन्ही कडांना ३२-३२. २८ धागे म्हणजे ०.७ इंच, तेवढ्या उंचीला २२ बाणे. २२ ओळींचे ४८४, वर-खाली २८-२८ सोडा. एकूण ५४० बाणे, म्हणजे ५४० पत्ते.

रेषा एका धाग्याची ठेवली तर सरळ चौकोनाच्या उभ्या बाजूला एकच धागा सलग २२ बाण्यांवर मोकळा तरंगतो. पाऊण इंचाला जरा कमी, पण नखात अडकायला पुरेसा. रेषा किमान ३ धाग्यांची करा. आडव्या रेषा किंचित जाड दिसतील, ते चालवून घ्या. रेषेत ५ चा ताण्याचा साटन (दर पाच धाग्यांना एकदाच गुंफण होणारी, ताणा वर दिसणारी वीण) भरा आणि जमिनीला, म्हणजे रेषांबाहेरच्या भागाला, ५ चाच बाण्याचा. ४०० आणि ५४० दोन्हींना ५ ने भाग जातो, त्यामुळे रिपीटच्या, म्हणजे आकृती पुन्हा सुरू होते त्या, जोडावर वीण तुटत नाही. ८ चा साटन घेतलात तर ५४० ला भाग जात नाही आणि दर रिपीटला एक आडवी खोट दिसत राहील. रेषा आणि जमीन भेटतात तिथे फ्लोट, म्हणजे मोकळे तरंगणारे धागे, लांबतात. ग्राफवर डोळ्यांनी शोधून मध्ये एखादा बिंदू टाका. हे काम सॉफ्टवेअरवर सोडू नका.

फिरवलेल्या चौकोनांच्या कडांना प्रोग्रॅम करडे पिक्सेल टाकतो. पत्त्याला करडा रंग कळत नाही, भोक आहे किंवा नाही. कडा मऊ करणारा पर्याय बंद करूनच चित्र काढा. आणि आकृती उलटी, म्हणजे काळ्याचं पांढरं, करू नका. आत्ता जमिनीत दर बाण्याला ४०० पैकी साधारण ८० हुक उठतात. उलटवलं तर ३२० उठतील आणि मागावर विनाकारण भार येईल.

आधी हातभर नमुना विणा. मागावरून उतरल्यावर कापड आटतं, तेव्हा इंचाचे धागे पुन्हा मोजा आणि मगच पत्ते पाडा. विणताना चूक दिसली तर ओळखायची सोपी खूण आहे: उभी सलग रेघ बिघडली तर हुक किंवा सुई बघा, ठरावीक अंतराने एकच आडवा बाणा चुकत असेल तर पत्ता बघा.

बिंदुरेषा
फलकाबद्दल. “जन्मला” हा शब्द काढा. पत्तेसुद्धा मुळात जॅकार्डचे नाहीत. फ्रान्समध्ये बुशाँने १७२५ मध्ये भोकं पाडलेली कागदी पट्टी वापरली, पुढे फाल्कनने पत्ते आणले. १८०४ च्या सुमारास जॅकार्डने हे सगळं चालू शकेल अशा एका यंत्रात बसवलं. त्या यंत्रात पत्ता काही मोजत नाही, निर्णय घेत नाही. एक पत्ता, एक बाणा, बस. इंग्रज गणिती बॅबेजने १८३० च्या दशकात आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी (ॲनालिटिकल इंजिन) पत्त्यांची कल्पना उसनी घेतली आणि त्यात पत्ते मागे फिरवून तीच क्रिया पुन्हा करण्याची सोय योजली. गणिती एडा लव्हलेसची १८४३ ची फुलापानांच्या विणीची उपमा याच यंत्राबद्दल आहे. पण ते यंत्र पूर्ण झालंच नाही. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत पत्ते वापरणाऱ्या होलेरिथला सुचलं ते रेल्वेच्या तिकिटावर कंडक्टर पाडतो त्या भोकांवरून. म्हणजे वंशावळ सरळ नाही.

संगणककलेची सुरुवात १९६५ च्या प्रदर्शनांपासून धरा: फेब्रुवारीत श्टुटगार्टला नेस, एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला नोल आणि युलेश, नोव्हेंबरमध्ये पुन्हा श्टुटगार्टला नेस आणि नाके. जर्मन मंडळींची चित्रं प्लॉटरने कागदावर काढलेली होती. लंडनचं मोठं प्रदर्शन १९६८ चं.

माझ्या मते फलकावर खरा मुद्दा हा हवा: धागा वर की खाली हा दोनच पर्यायांचा हिशोब जॅकार्डच्या आधीपासूनचा आहे, पैठणी विणणाराही तोच करतो. नव्या माध्यमांचे अभ्यासक लेव्ह मॅनोविच नव्या माध्यमाची जी लक्षणं सांगतात, त्यांतलं ‘आकड्यांत मांडता येणं’ कापडात सापडतं. ‘दरवेळी वेगळं रूप घेता येणं’ मात्र ५४० पत्त्यांच्या माळेत नाही. नाके म्हणतात की एक चित्र हे त्या प्रोग्रॅममधून निघू शकणाऱ्या अनेक चित्रांपैकी एक. तुमची माळ म्हणजे असं एकच, दोरीने बांधलेलं.

शून्य_एक
पटलं. मग पन्ह्यात शेजारी शेजारी सहा रिपीट येतात, ते सहाही वेगळे करता येतील का?

फणी_४०
सरळ बांधणीत नाही. एक हुक सहा ठिकाणचा धागा एकत्र उचलतो. सहा वेगळे हवेत तर ६० × ४० = २४०० धागे स्वतंत्र उचलणारा इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड लागेल आणि फाईल २४०० × ५४० ची. लांबीत बदल मात्र जमतोय की: तीन वेगळ्या आकृत्या, १६२० पत्ते, एकामागे एक ओवून. ओवताना प्रत्येक पत्त्यावर क्रमांक घाला. माळ एकदा सांडली की विस्कटलेल्या चौकोनांत क्रम शोधणं कठीण.

बिंदुरेषा
प्रोग्रॅमला दिलेला रँडमचा सुरुवातीचा आकडा, म्हणजे सीड, तिन्ही आकृत्यांसाठी लिहून ठेवा आणि कापडाखालच्या पट्टीवर छापा. तोच प्रोग्रॅम आणि तोच आकडा दिला की तीच आकृती परत येते. शेजारी एक स्क्रीन ठेवून बघणाऱ्याला दुसरा आकडा टाकू द्या.