बायोलॉजिकल एज (शरीराचं वय) परवडेल असं कसं मोजायचं? (वय ४६, एक्सेलमध्ये आलं ५३)

चाळिशीपार
नमस्कार मंडळी. वय ४६, शाकाहारी, दिवसभर खुर्चीत, दारू-सिगरेट नाही, संध्याकाळी गंगापूर रोडला पाऊण तास चालतो. गेल्या महिन्यात ऑफिसच्या चेकअपचे रिपोर्ट आले, मेहुणा म्हणाला त्यातलेच ९ आकडे आणि वय घालून फेनोएज नावाचं शरीराचं वय काढता येतं, फॉर्म्युला नेटवर आहे, म्हणून रविवारी एक्सेल उघडून बसलो तर उत्तर ५३. बायको म्हणाली मला आधीच माहीत होतं. मनगटावरचं घड्याळ मात्र म्हणतंय फिटनेस एज ३९! एकाच माणसात १४ वर्षांचा फरक, बरं आठवडाही तोच. आता थुंकी घेऊन डीएनए मिथायलेशन, म्हणजे डीएनएवरच्या रासायनिक खुणा, मोजून वय सांगणारी एक टेस्ट बघितली, किंमत बघून घाम फुटला. त्यात पैसे घालावेत का, की दुसरं काही आहे जे दर सहा महिन्यांनी करता येईल आणि खिशालाही झेपेल?

लॅबवाला
२२ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली आहेत म्हणून बोलतो. आधी एक्सेल तपासा. तो फॉर्म्युला २०१८ चा, अमेरिकन लोकांच्या डेटावर बसवलेला आहे आणि त्याची युनिट्स आपल्या रिपोर्टची नाहीत. शुगर एमजीमध्ये असेल तर १८ ने भागायची, क्रिएटिनिनला ८८.४ ने गुणायचं, अल्ब्युमिनला १० ने. हे तिन्ही बदल लोक करतात कारण नाही केलं तर उत्तर वेड्यासारखं येतं आणि लगेच कळतं. सीआरपीमध्ये (शरीरातली सूज दाखवणारा आकडा) फसतात. आपल्याकडे एचएस-सीआरपी एमजी पर लिटर छापतात, फॉर्म्युल्याला हवं एमजी पर डेसिलिटर, म्हणजे १० ने भागून मग लॉग घ्यायचा. विसरलात तर साधारण अडीच वर्षं उगाच चढतात आणि संशयही येत नाही.

आता दुसरं. तुमचा आरडीडब्ल्यू किती आहे आणि एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) किती? सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीच्या, पानावर असतात, कोणी बघत नाही.

चाळिशीपार
आरडीडब्ल्यू १५.६, एमसीव्ही ८९. हिमोग्लोबिन १३.१. सीआरपी भागायचं राहिलंच होतं हो, आता ५०.६ आलं. एका सेलमध्ये अडीच वर्षांनी तरुण झालो.

लॅबवाला
वाटलंच मला. आरडीडब्ल्यू म्हणजे लाल पेशींच्या आकारात किती तफावत आहे ते. या फॉर्म्युल्यात आरडीडब्ल्यू १ ने वाढला की वय साडेतीन वर्षांहून जास्त वाढतं, बाकी कुठल्याच आकड्याला एवढा भाव नाही. १३ च्या आसपास असता तर तुमचं उत्तर ४१-४२ आलं असतं, बघा करून. आणि एमसीव्ही ८९ नॉर्मल आहे म्हणून खूश होऊ नका. लोह कमी असलं की पेशी बारीक होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या होतात, दोन्ही कमी असलं की सरासरी मस्त मधोमध येते आणि आरडीडब्ल्यू तेवढा चुगली करतो. शाकाहारी माणसात हे मी रोज बघतो. कोणाला थॅलेसेमिया मायनर (सौम्य आनुवंशिक रक्तदोष) असेल तर त्याचीही एमसीव्ही लहानपणापासून कमीच, त्याचा म्हातारपणाशी काय संबंध? तेव्हा फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ करून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा, वयाचं नंतर बघू.

प्रोटीन_पोट्टा
माझं क्रिएटिनिन (स्नायूंमधून रक्तात येतं ते) १.३ येतं कारण मसल आहे आणि क्रिएटिन पण घेतो, त्यामुळे फेनोएज मला म्हातारा करतं. आमचे आजोबा, हातापायाच्या काड्या झाल्यात, त्यांचं ०.७, म्हणजे या हिशोबाने ते बरे 😂

अटलांटा_आज्जी
मिथायलेशनचं मी सांगते, मी केलंय, वय ६३. मुलाने वाढदिवसाला किट दिलं, एकावर एक होतं म्हणून दोन आली, मी दोन्ही एकाच आठवड्यात पाठवली, एकात आलं ५८ आणि एकात ६३. कंपनीला मेल केला तर नॉर्मल व्हेरिएशन म्हणे. मुलगा यातलाच आहे, त्याने समजावलं की होर्वाथ नावाच्या संशोधकाचं पहिलं घड्याळ, म्हणजे या खुणांवरून वय काढायचं गणित, २०१३ चं, डीएनएवरच्या ३५३ जागा बघतं, पण एकेका जागेचं मोजमाप थोडं थोडं हलतं आणि सगळं मिळून उत्तर कुठल्या कुठे जातं. २०२२ मध्ये तर एकच सॅम्पल दोनदा मोजून काही घड्याळांत ९ वर्षांपर्यंत फरक दाखवला होता संशोधकांनी. त्यानंतर सुधारलेली घड्याळं आली आहेत. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन गावात १९७२-७३ ला जन्मलेल्या हजारेक मुलांना आयुष्यभर तपासत आलेत, त्यावरून केलेलं एक आहे, ते वय सांगतच नाही, म्हातारं होण्याचा वेग सांगतं, १ म्हणजे वर्षाला वर्ष. ते मला जास्त पटलं. पण सहा महिन्यांत एक वर्षाचा फरक पडलाय का हे बघायला पाच वर्षं हलणारी टेस्ट घेऊन काय करणार? सोनं तोलायला भाजीवाल्याचा काटा. पैसे असतील आणि हौस असेल तर करा बापडे.

सह्यभटका
मी फुकटचं सांगतो. जमिनीवर मांडी घालून बसा आणि हात न टेकता उठा. गंमत नाही, ब्राझीलच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये ५१ ते ८० वयाच्या २००२ लोकांवर हे करून छापलंय. बसायचे ५ मार्क, उठायचे ५, हात, गुडघा, जे टेकेल त्याचा एक कमी, तोल गेला तर अर्धा. कमी मार्कवाल्यांचे मृत्यू पुढच्या काही वर्षांत बरेच जास्त निघाले. आमच्या आईने ७४ व्या वर्षी पंगतीतून उठताना कधी हात टेकला नाही, सोफा आल्यापासून आम्हीच ढेपाळलो. शिवाय एका पायावर १० सेकंद उभं राहणं, आणि फिजिओकडे पंज्याची ताकद मोजायचं यंत्र असतं ते. ग्रिपवर २०१५ चा मोठा अभ्यास आहे, १७ देश, भारतही होता, ५ किलो ग्रिप कमी तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त. फक्त नेटवरच्या गोऱ्या लोकांच्या तक्त्याशी तुलना करू नका, आपल्याकडची सरासरी मुळात कमीच असते, स्वतःचीच मागच्या वेळेशी करा. गुडघे दुखत असतील तर हा उद्योग एकट्याने नको, कोणीतरी शेजारी उभं पाहिजे.

लॅबवाला
सह्यभटका यांना अनुमोदन. रक्ताचं करायचंच तर लॅब तीच, सकाळी उपाशी, आणि सर्दी-ताप, दाढ काढलेली असलं काही झालं असेल तर दोनतीन आठवडे थांबा. सीआरपी ०.५ वरून १० ला गेला तर तीन वर्षं तिथेच चढली.

चाळिशीपार
अपडेट देतो. बी-१२ आला १७३, फेरिटिन ११. डॉक्टरांनी इंजेक्शनं आणि लोहाच्या गोळ्या चालू केल्यात. लोह पुरुषात एवढं कमी का याचाही शोध घेऊ म्हणाले, पुढच्या आठवड्यात त्या तपासण्या आहेत. सीबीसी चार महिन्यांनी परत, कारण लाल पेशी १२० दिवस टिकतात, जुन्या जाऊन नव्या यायला तेवढा वेळ लागतोच. मिथायलेशन कॅन्सल.

रात्री हॉलमध्ये सतरंजी टाकून ती बसायची परीक्षा झाली. लेक परीक्षक. उठताना उजवा हात टेकला, एक गेला, उभं राहिल्यावर डगमगलो म्हणून तिने अर्धा कापला, अपील नामंजूर. साडेआठ. बायकोला पैकीच्या पैकी, वर लेकीला कडेवर घेऊन परत करू का विचारत होती.

आणि मनगटावरच्या घड्याळाचं कोडं सुटलं. त्यात माझं वजन अजून ६८ होतं, २०२१ ला भरलेलं. खरं ७९ टाकलं. आता ४४ म्हणतंय.