तुमच्या उपनगरातली बाग : काय सुधारलं, काय राहिलं?

सांगलीत आमच्या पिढीला बाग म्हटलं की आमराईच आठवते. आता शहर मिरजेच्या दिशेनं पसरलंय. विश्रामबाग, वानलेसवाडी, शामरावनगर, धामणी रोड या भागातल्या पोरांना पायी जाता येईल अशी बाग म्हणजे कॉलनीच्या लेआउटमध्ये सोडलेली मोकळी जागा. अशा बऱ्याच जागांवरचं गाजरगवत जाऊन ट्रॅक, ओपन जिम, खेळणी आली. उद्घाटनानंतर काय झालं, ते रोज जाणाऱ्यांकडून ऐकायचंय. कशामुळं तुमचं जाणं वाढलं, कशामुळं थांबलं? मनापासून लिहा.

शामरावनगर, गृहिणी
आमच्याकडं सगळं पाण्यापासून सुरू होतं. सखल भाग, त्यात काळी माती. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तो महापूर सोडाच. साध्या वळवानंसुद्धा ट्रॅकवर तळं साचायचं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, त्यामुळं वर बसवलेले पेव्हर ब्लॉक वर्षभरात उचकटले. सासूबाईंचा पाय त्यातच मुरगळला आणि त्यांचं फिरणं सुटलं. दुरुस्तीला आलेला ठेकेदार परत वरच्यावर ब्लॉक बसवायला लागला, तेव्हा आम्ही बायकांनी काम थांबवलं. काळी माती खोलवर काढा, मुरूम भरून रोलर फिरवा, कडेनं चर द्या, मग काय ते बसवा, एवढंच म्हणणं. बरीच वादावादी झाली. शेवटी ब्लॉक न घालता मुरमाचाच ट्रॅक केला. दिसायला साधा आहे, पण पाऊस उघडला की थोड्या वेळात चालता येतं, गुडघ्यांनाही बरा. सासूबाई परत जायला लागल्यात.

कुपवाड एमआयडीसीत फिटर
झोपाळा कुईकुई वाजतोय, तेल घाला, असं सगळे म्हणायचे. वर चढून बघितलं तर पाइपला अडकवलेली कडी घासून घासून निम्मी झालेली. मधोमध चकचकीत खाच, बोट फिरवलं तर धार लागावी अशी. एखाद्या मोठ्या पोरानं जोरात झोका घेतला असता तर तुटलीच असती. त्याच दिवशी झोपाळा दोरीनं बांधून टाकला. मित्रानं लेथवर बुश करून दिले, कड्या नव्या आणल्या. आता पगार झाला की त्या आठवड्यात पाना घेऊन जातोच. नट आवळायचे, ग्रीस भरायचं, घसरगुंडीच्या पत्र्याच्या कडेवरनं हात फिरवून बघायचा. शेजारच्या बागेतनंही बोलावणं येतंय. प्रत्येक कॉलनीत एखादा फिटर, वेल्डर राहतोच की ओ. नुसतं विचारा, तो नाही म्हणत नाही.

विश्रामबाग, निवृत्त शिक्षिका
आम्ही सावलीसाठी भांडलो. जिमची यंत्रं उघड्यावर मांडलेली. एप्रिलात सकाळी नऊ-दहालाच दांड्याला हात लावता येत नव्हता. म्हणून भोवतीनं करंज आणि कडुनिंब लावून घेतले. सप्तपर्णी मात्र नको म्हणून अडून बसलो. दिवाळीच्या सुमारास तिच्या फुलांचा उग्र वास सुटतो आणि माझ्यासारख्या दमेकऱ्यांना बागेत बसवत नाही. एक बहावा हौसेनं लावला आहे.

धामणी रोड
मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून फाटकाला लोखंडी नागमोडी अडसर बसवला. गाड्या थांबल्या, त्यांच्याबरोबर आईची व्हीलचेअरही थांबली. मोठ्या फाटकाची किल्ली वॉचमनकडं, आणि तो उन्हं चढल्यावर येतो. तोवर आई बाहेर रस्त्याच्या कडेला बसून आतली पोरं बघते. आम्हाला नवं खेळणं नको, कारंजं नको. खुर्ची जाईल एवढी सरळ वाट पाहिजे.

वानलेसवाडी, वय सत्तरीपुढं
भाऊसाहेब पडसलगीकरांनी या गावाला बुद्धिबळाचं वेड लावलं, त्या वेडातलाच मी एक. कट्ट्याची दुरुस्ती निघाली तेव्हा गवंड्याला सांगून मधे काळ्या-पांढऱ्या फरशीचा पट करून घेतला. सोंगट्या घरून डब्यातून नेतो. आधी आम्ही म्हातारेच असायचो. आता शाळा सुटली की पोरं दप्तरासकट येतात. चौथीतली एक मुलगी घोडा असा फिरवते की माझा वजीर कोंडलाच म्हणायचा. मुलाकडं पुण्याला गेलो तरी मन इथंच असतं.

शंभर फुटी रोड, स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी
आमची बाग सकाळी दहाला बंद होते ती चारला उघडते. घर दोन खोल्यांचं, अभ्यासिकेची फी परवडत नाही. भर दुपारी आतल्या झाडांखाली गार सावली असते आणि फाटकाला कुलूप. दोन घरांच्या कामामधे थोडी सवड काढून मावश्या येतात, त्या बाहेरच्या पायरीवर डबा खातात. स्वच्छतागृहही आतच, म्हणजे तेही कुलपात. दुपारची वेळ वाढवून मागायचीय, सह्या गोळा करायला सुरुवात केलीय. कुणी आपल्या बागेची वेळ बदलून घेतली असेल तर अर्जात काय लिहिलं, दुपारी देखरेखीचं कसं जमवलं, ते सविस्तर सांगा.