जुन्या जीपचं क्राऊन-पिनियन बदलावं का? (इंदूर, बजेट १५ हजार)

पलासिया_जीप: वडिलांची जुनी डिझेल जीप आहे. टू-व्हील, चार गिअर. त्यांच्या वहीत 'मागचं हौसिंग' (मागच्या ॲक्सलचा डबा, क्राऊन-पिनियन ही दातेरी चाकांची जोडी त्यातच असते) या नावापुढे ४३/८ लिहिलंय, म्हणजे क्राऊनला ४३ दात, पिनियनला ८, रेशो ५.३८: चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे. शेतात काहीही ओढते, पण एबी रोडवर काटा साठवर गेला की इंजिन किंचाळतं, शेजारी बसलेल्या आईशी बोलता येत नाही. ३९/८, म्हणजे ४.८८ टाकलं तर आवाज कमी होईल का? ॲव्हरेज? महिन्यातून दोनदा सिमरोल-चोरलवरून बडवाहला जाणं असतं. १५ हजारांवर एक रुपया नाही.

राऊवाला: भिया, ४० हजार काढा आणि पाच गिअरचा बॉक्स बसवा. घाटात खालचे गिअर तेच, सपाटीवर पाचवा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे तेवढ्याच वेगाला इंजिन कमी फिरतं. मी बसवलाय. देवासपर्यंत गाणी ऐकत जातो.

पलासिया_जीप: १५ हजार लिहिलंय हो.

घाटातला_गणू: अजिबात टाकू नका. मी ५.३८ काढून ४.८८ टाकलं. पूर्वी तिसऱ्यात चढायची तिथे आता दुसरा टाकावा लागतो. ॲव्हरेज १२ होतं ते ११ झालं. पैसे पाण्यात.

रेशोबहाद्दर: रेशो कमी केला की ओढ कमी होते, साधी गोष्ट आहे.

तिसरा_गिअर: गॅरेजात ५.३८ ला 'लो' म्हणतात आणि ४.८८ ला 'हाय'. आधी भाषा ठरवा.

रेशोबहाद्दर: आकडा कमी म्हणजे कमी. शाळेत शिकवतात.

४x४_माळवा: पुढचं हौसिंगही त्याच रेशोचं लागेल, नाहीतर फोर-व्हील टाकल्यावर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) खराब होईल.

पलासिया_जीप: टू-व्हील आहे. पहिल्याच ओळीत आहे.

मोठे_टायर: टायर मोठे टाका, रेशो आपोआप 'हाय' होतो. माझी बघून लोक राजवाड्यावर फोटो काढतात. स्टिअरिंग जड झालंय, पण खांदे बनतात.

जुना_फिटर: गणू, मीटरची वायर मागच्या चाकातून नाही, गिअरबॉक्सच्या मागून निघते. ४.८८ टाकल्यावर तेवढ्याच रस्त्यात प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या हौसिंगपर्यंतच्या दांड्याचे) फेरे कमी झाले. गाडी १०० किलोमीटर गेली तर मीटर ९१ दाखवणार. तुमचं ११ म्हणजे खरं १२. पैसे पाण्यात गेले नाहीत, पण हाताला काही लागलंही नाही. घाटात चालवता, वाढणार कुठून?

पलासिया, हिशोब असा. चाकाचा एक फेरा साधारण २.१ मीटर धरा. टॉपमध्ये ताशी ६० ला ५.३८ वर इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण २५६०, ४.८८ वर २३२०. आवाजात फरक कळेल. डिझेल थोडं वाचेल तेही सपाटीवर, कारण वारा तेवढाच कापायचा असतो आणि जीपचं तोंड म्हणजे कपाट. घ्यायचंच तर क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घ्या, एकमेकांवर घासून बसवलेले असतात. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, नीट लावला नाही तर हौसिंग रडतं.

आणि वहीवर जाऊ नका. गाडी न्यूट्रलला, पुढच्या चाकांना दगड, मागचं एकच चाक जॅकवर. शाफ्टवर खडूची खूण करा. ते चाक पूर्ण दोन फेरे फिरवा (दुसरं जमिनीवर अडलेलं आहे, एकट्या चाकाचे दोन फेरे म्हणजे दोन्ही चाकांचा एक, म्हणून दोन) आणि शाफ्टचे फेरे मोजा.

राऊवाला: पाच गिअर.

४x४_माळवा: जोडीनेच घ्या. छोटी ग्वालटोलीत चक्कर मारा.

पलासिया_जीप: मोजलं. तीनदा. आई खडूकडे बघत मोठ्याने आकडे म्हणत होती. पाच पूर्ण होतच नाहीत, खूण पाऊण फेऱ्याच्या जरा पुढे जाऊन थांबते.

जुना_फिटर: चार आणि सात अष्टमांश. ४.८८ आधीच बसलंय! मोबाईलवर वेग लावून बघा.

पलासिया_जीप: काटा ६०, मोबाईल ६६. आईला विचारलं, तर म्हणे एकदा तुझ्या बाबांनी गाडी आठवडाभर गॅरेजात ठेवली होती, काय केलं ते सांगितलं नाही. वहीत खोडायचं राहिलं.

घाटातला_गणू: मग मीटरची गरारी (वायर फिरवणारं छोटं दातेरी चाक) बदला. हजारात होईल.

जुना_फिटर: तेच म्हणतो. नाहीतर चलान फाटेल.

मोठे_टायर: आता टायर मोठे केले तर काटा अजून मागे राहील, पण दिसतात छान.

पलासिया_जीप: गरारी राहू दे. मीटर साठ दाखवतं तेव्हा सहा मिळवायचे, पाठ झालंय. १५ हजारांत नवीन हूड शिवतोय, चोरलला मागून पाऊस आत येतो. हिरवा घेऊ की खाकी?

रेशोबहाद्दर: खाकी. हिरवा उडतो.