नव्या प्रेस व वेल्डिंग कारखान्यासाठी कामगार प्रशिक्षण कसे आखावे?

शेंद्रेकर:
नमस्कार. बिडकीन औद्योगिक क्षेत्रात आमच्या कंपनीचा, पत्र्याचे सुटे भाग तयार करणारा नवा कारखाना उभा राहत असून तेथील मनुष्यबळाची जबाबदारी माझ्याकडे आहे. ६ प्रेस (पत्रा दाबून आकार देणारी यंत्रे), स्पॉट वेल्डिंगच्या (पत्रे ठिकठिकाणी ठिपक्याएवढे वितळवून जोडण्याच्या) २ लाइन आणि तपासणी विभाग मिळून सुमारे १८० माणसे लागतील. यंत्रे पाचव्या महिन्यात येतील आणि आठव्या महिन्यात पहिला माल पाठवायचा आहे. अर्जदारांत आयटीआयमधून फिटर किंवा वेल्डर झालेली मुले आहेत, तशीच बारावीनंतर केवळ शेती केलेलीही बरीच आहेत. एका प्रशिक्षण संस्थेने सर्वांसाठी तीन आठवड्यांचा तयार अभ्यासक्रम देऊ केला आहे. त्यात फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची जपानी पद्धत), सुरक्षा, मोजमाप आणि व्यक्तिमत्त्व विकास आहे. तो घ्यावा की स्वतःचा बनवावा? स्वतःचा बनवायचा असल्यास सुरुवात कोठून करावी?

जुना भोसरीकर:
तीस वर्षे प्रेस शॉप आणि त्यानंतर प्रशिक्षण विभाग सांभाळल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. तयार अभ्यासक्रमातील मोजमापाचा भाग उपयोगी पडेल. व्यक्तिमत्त्व विकासाचे पैसे वाचवावेत. मात्र विषयांच्या यादीपासून सुरुवात करू नका. प्रत्येक ठिकाणी माणूस हाताने नेमके काय करणार आहे, ते आधी लिहून काढा. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, अननुभवी माणसांना कमी वेळात कारखान्यांच्या कामाला लावण्यासाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम १९४० मध्ये सुरू झाला आणि युद्धानंतर तो जपानमध्ये गेला. त्यातील कामाची फोड करण्याची पद्धत आजही तितकीच चालते: कामाचे टप्पे, प्रत्येक टप्प्यातील कळीची गोष्ट आणि त्या गोष्टीचे कारण.

स्पॉट वेल्डिंगचेच उदाहरण घ्या. गन लावून बटण दाबणे कोणीही दहा मिनिटांत शिकतो. पण गनचे तांब्याचे टोक, म्हणजे टिप, वापरामुळे पसरली की तोच करंट मोठ्या क्षेत्रात विभागला जातो, आतला जोड लहान राहतो आणि वरून मात्र स्पॉट चांगला दिसतो. हे कारण ज्याला समजले आहे तोच टिप वेळेवर ड्रेस करील, म्हणजे तासून पुन्हा आकारात आणील, आणि छिन्नी लावून जोड तपासण्याचा कंटाळा करणार नाही. प्रेसवर डाय (आकार देणारा साचा) बदलताना वरचा भाग खाली येऊ नये म्हणून सेफ्टी ब्लॉक का लावायचा, दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून दिलेल्या दोन बटणांपैकी एक बांधून का ठेवायचे नाही, हेही असेच कारणासह शिकवावे लागते. केवळ सूचनाफलक लावून ते साधत नाही.

दुसरी गोष्ट खरेदी विभागाशी आजच बोलण्याची आहे. यंत्रांच्या ऑर्डरमध्ये पुरवठादाराकडून मिळणाऱ्या प्रशिक्षणाचे दिवस लिहून घ्या आणि पुरवठादाराच्या कारखान्यात यंत्राची स्वीकृती चाचणी होईल तेव्हा भावी डाय सेटर व देखभालीची माणसे तेथे पाठवा. आमच्या एका प्रकल्पात हे राहून गेले. पुरवठादाराचे अभियंते यंत्र चालू करून निघून गेले आणि पुढचे दोन महिने प्रत्येक बिघाडाला आम्ही त्यांना फोन करत बसलो होतो.

निदेशक:
मी शासकीय आयटीआयमध्ये शिकवतो. आमचा फिटर दोन वर्षे आणि वेल्डर एक वर्ष शिकतो. त्याचा हात तयार असतो, परंतु आपल्या लाइनवरचे यंत्र त्याने बहुधा पाहिलेले नसते, म्हणून त्याला आणि बारावीच्या मुलाला एकाच वर्गात बसवू नये. सुरुवातीला छोटी चाचणी घेऊन दोन गट करावेत. जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना आताच भेटल्यास दुहेरी प्रशिक्षण पद्धतीखाली काही महिने संस्थेत आणि काही महिने आपल्या कारखान्यात, अशी रचना करता येते. शिवाय ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी कामगार धरून, एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. म्हणजे आपल्याकडे किमान ५ आणि कमाल २७. त्यांना लाइनवरची रिकामी जागा भरण्यासाठी वापरू नये, एवढी विनंती.

अटलांटावासी:
येथे अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात ‘क्विक स्टार्ट’ नावाची सरकारी यंत्रणा १९६७ पासून नव्या कारखान्यांसाठी त्यांच्या गरजेप्रमाणे विनामूल्य प्रशिक्षण आखून देते. वेस्ट पॉइंट येथील कियाच्या मोटार कारखान्यात २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले, तेव्हा त्याचे प्रशिक्षण केंद्र आधीच तयार होते. आपल्याकडे तशी यंत्रणा नसली तरी हा क्रम घेता येईल: एखादी शेड, एक जुनी स्पॉट गन आणि भंगारातला पत्रा एवढ्यावर यंत्रे येण्याआधी सराव सुरू होऊ शकतो.

लाइन लीडर:
मी ऑपरेटर म्हणून लागलो होतो. शिकवणारा आमच्याच भाषेत बोलत होता, पण यंत्राच्या पडद्यावरचे सर्व इशारे इंग्रजीत होते आणि पहिले काही आठवडे आम्ही केवळ रंग पाहून बटणे दाबत होतो. पडद्यावर मराठी मिळते का ते विचारावे. न मिळाल्यास प्रत्येक इशाऱ्याचा अर्थ आणि त्यावर काय करायचे, हे मराठीत लिहून यंत्रावर चिकटवावे. सुपरवायझरांची भरती कामगारांच्या दोन महिने आधी करावी, कारण पुढे प्रत्यक्षात तेच शिकवणार आहेत.

शेंद्रेकर:
सर्वांचे आभार. संस्थेकडून फक्त मोजमापाचे पाच दिवस घेण्याचे ठरवले असून पुरवठादाराच्या ऑर्डरमध्ये दुरुस्ती करण्यासाठी खरेदी विभागाला पत्र दिले आहे. टिप ड्रेसिंगच्या कामाची पहिली फोड अशी लिहिली आहे: वीज व हवा बंद करावी, टिप वेळोवेळी ड्रेस करावी, तोंडाचा व्यास गेजने पाहावा, नमुन्याचा स्पॉट मारून छिन्नीने तपासावा. काही राहिले आहे का?

जुना भोसरीकर:
‘वेळोवेळी’ काढून टाका. किती स्पॉटनंतर, तो आकडा आपल्या पत्र्यावर चाचणी घेऊन ठरवा आणि तेथे लिहा. छिन्नीने जोड सुटला तर लाइन कोणी थांबवायची आणि मागचे किती नग बाजूला काढायचे, तेही त्याच ओळीखाली आले पाहिजे.