टेम्सकाठी एक दिवस: मार्लो की हेन्ली?

सांजवेळ

नमस्कार. माझे सासू-सासरे जूनच्या मध्यास आमच्याकडे लंडनला येत आहेत आणि त्यांना घेऊन एक दिवस टेम्सच्या काठावरील एखाद्या लहान गावी जावे, असा आमचा विचार आहे. विंडसर त्यांनी मागच्या भेटीत पाहिले आहे आणि पुन्हा राजवाड्याच्या रांगेत उभे राहण्याची त्यांची इच्छा नाही. त्यांना नदी जवळून पाहायची आहे, जमल्यास थोडा नौकाविहार करायचा आहे आणि उरलेला वेळ निवांत बसायचे आहे.

सासूबाईंचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर, मध्ये विसावा घेत, त्या दीड-दोन किलोमीटर चालू शकतात. चढ आणि जिने मात्र त्यांना झेपत नाहीत. सासरे निवृत्त स्थापत्य अभियंते असून पूल दिसला की त्यांचे पाऊल पुढे पडत नाही. बरोबर आमचा सात वर्षांचा मुलगा असेल. आमच्याकडे मोटार नाही, त्यामुळे पॅडिंग्टनहून रेल्वेने जावे लागेल. मार्लो आणि हेन्ली ही दोन नावे अनेकांनी सुचवली आहेत. दोन्ही गावे एका दिवसात पाहून होतील का, की एकच निवडावे? तिकिटे आणि शाकाहारी जेवण यांविषयीही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

रुळावरून

एकच निवडा. नकाशावर ही गावे शेजारी दिसतात, परंतु त्यांच्यामध्ये थेट रेल्वे नाही. मार्लोचा शाखामार्ग मेडनहेडहून फुटतो आणि हेन्लीचा ट्वायफर्डहून, म्हणजे एका गावातून दुसऱ्या गावी रेल्वेने जायचे तर मुख्य मार्गावर परत येऊन दोनदा गाडी बदलावी लागते. नदीकाठची पायवाट आहे, पण ती चौदा किलोमीटरच्या आसपास भरते. तुमच्या मंडळींसाठी तिचा विचारही नको.

सासरे अभियंते आहेत हे वाचल्यावर मी मार्लोच्याच बाजूने कौल देईन. तेथील झुलता पूल विल्यम टिअर्नी क्लार्क यांनी उभारला आणि तो १८३२ मध्ये पूर्ण झाला. याच क्लार्क यांनी पुढे बुडापेस्टमध्ये डॅन्यूबवरील साखळी पुलाचा आराखडा केला, जो १८४९ मध्ये वाहतुकीस खुला झाला. मार्लोचा पूल त्या मानाने फारच आखूड आहे, पण दगडी मनोरे आणि त्यांवरून उतरणाऱ्या साखळ्या पाहिल्या की दोघांचे नाते लगेच ध्यानात येते. या पुलावर आजही वाहने धावतात, मात्र वजनाची मर्यादा ३ टनांची आहे. २०१६ मध्ये सुमारे ३७ टनांचा एक मालट्रक त्यावर चढला आणि तपासणीसाठी पूल दोन महिने बंद ठेवावा लागला. सासऱ्यांना हा किस्सा आधी सांगू नका; पुलावर उभे असताना सांगितलात तर तो अधिक रंगेल.

पुलाला लागूनच ऑल सेंट्स चर्च आहे आणि त्याच काठाला हिगिन्सन पार्क हे मोठे, सपाट उद्यान. तेथे सर स्टीव्ह रेडग्रेव्ह यांचा पुतळा आहे. १९८४ ते २००० या काळातील सलग पाच ऑलिंपिकमध्ये नौकानयनाचे सुवर्णपदक मिळवणारा हा खेळाडू मूळचा मार्लोचाच. स्थानकापासून पूल सावकाश चालत सुमारे पंधरा मिनिटांवर आहे. प्रवाहाच्या दिशेला थोड्याच अंतरावर मार्लो लॉक लागते, म्हणजे होड्यांना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारी दरवाजांची कोठडी. तेथील बाकावर बसून दरवाजे मिटताना, पाण्याची पातळी बदलताना आणि होड्या वर-खाली होताना पाहण्यात तुमच्या मुलाचा आणि त्याच्या आजोबांचा तास कसा जाईल ते कळणार नाही.

तिकिटांविषयी: एलिझाबेथ लाइनने मेडनहेडपर्यंत जाता येते, परंतु वेस्ट ड्रेटनच्या पुढे ऑयस्टर हे लंडनचे प्रवासकार्ड चालत नाही. तुम्ही पॅडिंग्टन ते मार्लो असे थेट परतीचे तिकीटच काढा. तीन ते नऊ जण एकत्र प्रवास करत असतील तर ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर गर्दीच्या वेळा सोडून ग्रुपसेव्ह ही एकतृतीयांश सवलत मिळते आणि तिच्यासाठी कोणतेही कार्ड विकत घ्यावे लागत नाही. मार्लोची गाडी साधारणपणे तासाला एक असते, म्हणून परतीची वेळ मनात धरूनच दिवसाची आखणी करावी.

नदीकाठ

वरील माहिती उत्तम आहे, तरीही मी हेन्ली सुचवेन, आणि त्याचे कारण सासूबाईंचे गुडघे. या सहलीत सर्वांत कमी चालू शकणारी व्यक्ती त्या आहेत, तेव्हा गावाची निवड त्यांच्या पावलांनी व्हावी, पुलांनी नव्हे. हेन्लीचे स्थानक नदीला जवळजवळ खेटूनच आहे. बाहेर पडल्यावर दोन-तीन मिनिटांत तुम्ही पाण्याजवळ पोहोचता आणि एका अंगाला मिल मेडोज हे सपाट कुरण, तर दुसऱ्या अंगाला पूल, अशी सोय आहे. तासाभराच्या फेरीच्या नौकाही तेथूनच सुटतात.

पुलाचेच म्हणाल तर हेन्लीचा पाच कमानींचा दगडी पूल १७८६ चा आहे. त्याच्या मधल्या कमानीच्या दोन्ही बाजूंच्या कळीच्या दगडांवर टेम्स आणि आयसिस (टेम्सच्याच वरच्या भागाचे नाव) यांचे मुखवटे कोरलेले आहेत. ते अ‍ॅन सेमूर डेमर या शिल्पकर्तीने घडवले. अठराव्या शतकात एका स्त्रीकडे असे काम असणे ही साधी गोष्ट नव्हे.

टेम्पल आयलंड हे बेट मात्र पुलापासून अडीच किलोमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे ते चालत गाठण्याऐवजी नौकेतून पाहा. बेटावरील देखणी वास्तू जेम्स वायट यांनी १७७१ मध्ये बांधली. रॉयल रिगाटा ही सुप्रसिद्ध नौकाशर्यत १८३९ पासून येथे भरते. ती जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या आरंभी असते, तेव्हा तुम्ही त्या गर्दीतून सुटाल. तरीही दिवस ठरवण्यापूर्वी स्पर्धांचे वेळापत्रक पाहावे, कारण जूनमध्ये दोन्ही गावांत इतरही लहान-मोठ्या शर्यती होतात.

चिंचपान

केवळ जेवणाविषयी लिहिते. गावोगावच्या पबमध्ये एक-दोन शाकाहारी पदार्थ हमखास असतात, पण अनेक ठिकाणी दुपारी अडीच-तीन ते सहा या वेळात स्वयंपाकघर बंद राहते, आणि नेमकी त्याच वेळी फिरून आलेल्या माणसांना भूक लागते. रविवारी तर टेबल आधी राखून ठेवणेच इष्ट. ज्येष्ठ मंडळी बरोबर असताना मी डबा नेण्याच्या मताची आहे. मिल मेडोज काय किंवा हिगिन्सन पार्क काय, हिरवळीवर बसून जेवायला कोणी हरकत घेत नाही. फक्त हंसांपासून डबा सांभाळावा. ते दिसतात तितके सोज्ज्वळ नसतात!

सांजवेळ

सर्वांचे मनापासून आभार. घरात मतदान झाले आणि सासूबाईंनी स्वतःच मार्लोला मत दिले. सपाट रस्त्यावर पंधरा मिनिटे चालणे आपल्याला सहज जमेल, असे त्यांचे म्हणणे आहे. आता दोन शंका उरल्या. मेडनहेडला ब्रुनेल या ब्रिटिश अभियंत्याचा रेल्वेपूल आहे, तो त्याच दिवशी पाहता येईल का? आणि शनिवार बरा की रविवार?

रुळावरून

शनिवार. रविवारी रुळांच्या दुरुस्तीची कामे अनेकदा निघतात आणि मग शाखामार्गावर गाडीऐवजी बस येते, जी वेळही खाते आणि चढा-उतरायलाही अवघड जाते. शनिवार ठरला तरी आदल्या दिवशी वेळापत्रक तपासावे. नौकेत बसणार असाल तर लॉकवरील फलकही पाहा: पिवळा फलक प्रवाह वाढत किंवा ओसरत असल्याचे सांगतो आणि लाल फलक प्रवाह जोरदार असल्याचे. जूनमध्ये सहसा अडचण येत नाही, पण सलग पाऊस झाला तर फेऱ्या रद्द होऊ शकतात.

मेडनहेडचा पूल पाहण्यासारखा आहे, यात वाद नाही. विटांच्या दोन सपाटसर कमानी, प्रत्येकीचा गाळा सुमारे ३९ मीटरचा आणि उंची जेमतेम सात मीटरांची. इतक्या चपट्या कमानी टिकणार नाहीत, असे तेव्हा अनेकांना वाटत होते. आज त्याच कमानींवरून एलिझाबेथ लाइन धावते. मात्र हा पूल गाडीतून दिसत नाही, कारण तुम्ही त्याच्यावरच असता. तो पाहण्यासाठी स्थानकापासून नदीपर्यंत वीस मिनिटे चालावे लागते आणि तेवढेच परत यावे लागते. म्हणून येताना मेडनहेडला दोन गट करावेत. सासूबाईंनी मुलाला घेऊन तुमच्यापैकी एकाबरोबर थेट पॅडिंग्टनची गाडी धरावी आणि दुसऱ्याने सासऱ्यांना पुलाखाली न्यावे. जूनमध्ये रात्री नवाच्या पुढेही उजेड असतो, त्यामुळे घाई करण्याचे कारण नाही. कमानीखाली गेल्यावर त्यांना एकदा मोठ्याने हाक मारायला सांगा. तेथील प्रतिध्वनीमुळे लोक तिला नादाची कमान म्हणतात. ग्रुपसेव्हच्या तिकिटावर सर्वांनी एकत्रच प्रवास करण्याची अट असते, तेव्हा असे दोन गट करणार असाल तर परतीची तिकिटे वेगळी काढावी लागतील.