कँडियाचा वेढा (१६४८–१६६९): शहर एकवीस वर्षं टिकलं कसं, आणि सुरुंगाचं काम चालायचं कसं?

परंडा_खंदक

मंडळी, क्रीट बेटावरच्या, व्हेनिसच्या ताब्यातल्या कँडिया शहराला (आजचं हेराक्लिओन) तुर्कांनी १६४८ मध्ये वेढा घातला आणि शहर हाती आलं ते १६६९ साली. आपल्याकडं मुघल सरदार महाबतखानानं १६३३ मध्ये देवगिरीला (दौलताबादला) मोर्चे लावले आणि चार महिन्यांच्या आत निजामशाहीच्या फत्तेखानानं किल्ला सोडला. अंबरकोट, महाकोट, काळाकोट असे एकाआड एक कोट, वर ताशीव कडा, तरीही. मग कँडियाचा तट देवगिरीपेक्षा एवढा भारी होता का?

दुसरं असं की दोन्हीकडं सुरुंगांचा उल्लेख येतो, पण 'सुरुंग लावून बुरूज उडवला' एवढ्या एका वाक्यात विषय संपतो. भुयार खणण्यापासून बत्ती देईपर्यंत क्रम काय असायचा, बिघडायचं कुठं, आणि आतल्या शिबंदीला सुगावा कसा लागायचा? परंडा किल्ल्यासारख्या पाणी भरलेल्या खंदकाखालून हे जमलं असतं का, हेही जाणकारांनी सांगावं.

गोदाकाठ

आधी एकवीस वर्षांचा हिशेब नीट लावू. तेवढी वर्षं रोज हल्ले चालले नव्हते. तुर्क १६४५ मध्ये बेटावर उतरले. त्याच वर्षी कानिया (खानिया) आणि पुढच्या वर्षी रेथिम्नो घेतलं. १६४८-४९ मध्ये कँडियावर जोराचे हल्ले झाले, ते फसले. त्यानंतरची बरीच वर्षं जमिनीकडून नुसती कोंडी होती. तुर्कांनी शहरासमोर स्वतःचा किल्लाच बांधला आणि त्याचं नाव ठेवलं इनादिये, म्हणजे हट्ट. खरी निकराची लढाई झाली ती वजीर कोप्रुलू फाजिल अहमद पाशा स्वतः बेटावर आल्यावर, मे १६६७ ते सप्टेंबर १६६९.

शहर टिकलं त्याचं पहिलं कारण तट नाही, बंदर आहे. समुद्र व्हेनिसच्या आरमाराकडं होता. धान्य, दारूगोळा, तटबंदीला लाकूड, ताजी माणसं, सगळं जहाजानं येत राहिलं आणि जखमी जहाजानं बाहेर जात राहिले. उलट तुर्कांचीच रसद अडचणीत, कारण व्हेनिसचं आरमार दार्दानेल्सच्या तोंडाशी जाऊन त्यांची जहाजं अडवायचं. जी सुटायची ती कानियाच्या बाजूला माल उतरवायची.

देवगिरीत नेमकं हेच नव्हतं. विजापूरकरांकडून मुरारपंत, रणदुल्लाखान आणि शहाजीराजे बाहेरून धान्य आत घालायची धडपड करत होते, पण महाबतखानानं वाटा धरल्या होत्या. आत दुष्काळ आणि रोगराई. काळ्या कोटाला आणि कड्याला सुरुंग पोचलेच नाहीत, पोचायची गरजच पडली नाही. तेव्हा दोन किल्ल्यांच्या दगडाची तुलना करण्याआधी दोन्हीकडच्या कोठारांची करा.

सुरुंग_आणि_बत्ती

वरचं बरोबर आहे, पण तटाचा वाटा कमी लेखू नका. कँडियाची नवी तटबंदी मिकेले सानमिकेली या स्थापत्यकारानं १५३८ पासून आखली. जमिनीकडं सात बुरूज: साब्बिओनारा, वित्तुरी, जेजू, मार्टिनेंगो, बेथलेहेम, पानिग्रा आणि सांत आंद्रेआ. आपले परंडा-औशाचे बुरूज गोल किंवा बहुकोनी असून तटातून थोडे पुढं येतात. हे बुरूज बाणाच्या टोकासारखे, बुटके, पोटात माती ठासलेले. तोफेचा गोळा मातीत रुततो, दगड ढासळत नाही. शिवाय एका बुरुजाची तोफ शेजारच्या बुरुजाच्या पायथ्याशी आडवा मारा करते, त्यामुळं पायथ्याला लपायला कोपराच उरत नाही. असा तट नुसत्या तोफांनी फोडायला अतोनात वेळ लागतो. म्हणून मग जमिनीखालून जायचं.

आता क्रम.

सुरुवात मोर्च्याच्या चरातून. चर नागमोडी खणत खंदकाच्या बाहेरच्या काठापर्यंत न्यायचा. सरळ खणला तर वरून तोफ त्याची लांबी धरून मारते. काठाशी आल्यावर खाली उतरणारी विहीर, आणि तिच्या तळातून बुरुजाकडं जाणारं भुयार. भुयार माणूस वाकून जाईल एवढंच, साधारण चार फूट उंच आणि तीन फूट रुंद. मोठं केलं तर लाकूड जास्त, माती जास्त, आणि पुढं तोंड ठासायला दुप्पट काम. माती भुसभुशीत असेल तर दोन-तीन हातांवर लाकडी चौकट आणि वर फळ्या. खणलेली माती टोपल्यांनी मागं न्यायची आणि ती शत्रूला दिसणार नाही अशी पसरायची. ताज्या मातीचा ढीग वाढला की आतल्यांना भुयाराची दिशाच कळते.

लांबी वाढली की हवा कोंडते. पहिली खूण दिव्याची: ज्योत बारीक होते. तेव्हा भात्यानं नळीतून हवा आत घालायची, नाहीतर वर छिद्र काढायचं. छिद्र काढणं सोपं, पण त्यानंच जागा उघडी पडते.

बुरुजाखाली पोचल्यावर भुयार सरळ नेत नाहीत. काटकोनात एक-दोन वळणं घेऊन मग दारूची कोठडी खणतात. कारण साधं आहे. स्फोटाला सगळ्यात सोपी वाट हवी असते, आणि सरळ भुयार म्हणजे आयती तोफेची नळी. दारू वर जायच्या ऐवजी मागं, आपल्याच माणसांवर येते. कोठडीला आतून फळ्या आणि कोरडं गवत. सोरा ओल धरतो, म्हणून दारूची पिंपं भरून ठेवली की फार दिवस थांबता येत नाही.

बत्तीसाठी कापडाची लांब नळी शिवून तिच्यात दारू भरायची आणि ती लाकडी पन्हळीतून बाहेर आणायची, म्हणजे वरची माती तिला चेपत नाही. मग तोंड ठासणं. मातीचे ढेकळे, दगड, ओंडके आडवे-उभे टाकून भुयार बुजवायचं. कोठडीपासून वरच्या मोकळ्या हवेपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या दीडपट ते दुप्पट लांबीची ठासणी हवी. घाईत इथंच कसूर होते आणि सुरुंग उलटतो.

दारू किती? पायाशी धरायचं सूत्र असं: वर उचलायच्या मातीची जाडी दुप्पट झाली तर दारू दुप्पट नाही, आठपट लागते. म्हणून खोल सुरुंग भयंकर महाग. जास्त दारूही घातक. दगड-माती आपल्याच मोर्च्यात येऊन पडते आणि हल्ल्याला तयार उभी असलेली तुकडी गाडली जाते.

देवगिरीचं उदाहरण याच मापात बसवून बघा. शाहजहानच्या दरबारी इतिहासात अंबरकोटाच्या सुरुंगाला ७० मण दारू आणि त्यानं २८ गज तट व १२ गज बुरूज उडाल्याची नोंद आहे. एका धडाक्यात वाट झाली. कँडियात १६६७ नंतर दोन्ही बाजूंचे मिळून हजाराच्या वर सुरुंग उडाले, तरी शहर उभं! कारण त्यातले निम्मेशिम्मे 'सुरुंगाला सुरुंग' होते.

परंडा_खंदक

दादा, हे 'सुरुंगाला सुरुंग' जरा उलगडून सांगा. आतल्याला जागा नेमकी सापडायची कशी? आणि एवढे सुरुंग उडूनही तट फुटला नाही म्हणायचा?

सुरुंग_आणि_बत्ती

तट फुटला, खूपदा फुटला. पण फुटला म्हणजे शहर पडलं असं होत नाही. बुरुजाचं टोक उडायच्या आधीच आतले लोक त्याच्या मागं दुसरा खंदक आणि मातीचा बांध घालून बसलेले असायचे. स्फोटानं मोठा खळगा पडतो, त्याच्या काठावर आधी कोण पोचतो यावर सगळं ठरतं. कित्येकदा अख्ख्या आठवड्याची कमाई म्हणजे तेवढा एक खळगा.

जागा शोधायची ती ऐकून. बुरुजाच्या पोटातून खंदकाखाली आधीच भुयारं काढलेली असतात आणि त्यांना पुढं फाटे फोडत जातात. फाट्याच्या टोकाशी ढोल जमिनीवर ठेवून त्यावर वाटाणे किंवा खडे टाकायचे. जवळ कुदळ पडली की ते थरथरतात. पाणी भरलेलं भांडंही चालतं. दोन-तीन फाट्यांतून एकाच वेळी ऐकलं की दिशा पक्की होते. आपल्या बाजूचं खणणं तेवढा वेळ पूर्ण बंद, नाहीतर आपलाच आवाज शत्रूचा वाटतो. उलट, समोरचा आवाज एकदम थांबला तर ते वाईट लक्षण: त्यानं दारू भरायला घेतली आहे.

मग तीन उपाय. त्याच्या भुयारात घुसून हातघाई करायची आणि दारू पळवायची. नाहीतर त्याच्या बाजूला छोटा बार उडवायचा. दारू मुद्दाम कमी, इतकीच की वरची जमीन फुटू नये पण शेजारचं भुयार चेपावं. जास्त घातली तर वर खळगा पडतो आणि शत्रूला आयता आडोसा मिळतो. तिसरा उपाय म्हणजे वर जाणारी मोकळी छिद्रं, म्हणजे त्याचा सुरुंग उडाला तरी जोर निघून जावा. ऱ्होड्स बेटाच्या १५२२ च्या वेढ्यात गाब्रिएले तादिनी या स्थापत्यकारानं ही ढोलाची आणि छिद्रांची दोन्ही कामं केली होती, म्हणजे कँडियापर्यंत ही विद्या चांगली मुरलेली होती.

बार उडाल्यावर लगेच आत शिरणं हा सगळ्यात मोठा धोका. विषारी वायू भुयारात साचून राहतो, त्याला वास नसतो, आणि सोडवायला गेलेला माणूसही तिथंच पडतो. आधी भाता चालवायचा, मग माणूस पाठवायचा.

मराठवाडा_तोफखाना

या धाग्यात आंद्रेआ बारोझ्झीचं नाव यायलाच हवं. १६६७ चा सगळा हंगाम तुर्कांनी पानिग्रा, बेथलेहेम आणि मार्टिनेंगो या दक्षिण-पश्चिम बाजूवर घालवला. ती सगळ्यात भक्कम बाजू. नोव्हेंबरपर्यंत हजारो माणसं गेली आणि पावसानं चर भरले. बारोझ्झी व्हेनिसच्याच नोकरीतला स्थापत्यकार, तो फुटला आणि कच्च्या जागा सांगून बसला: तटाची दोन टोकं, जिथं तो समुद्राला भिडतो. पश्चिमेला सांत आंद्रेआ, पूर्वेला साब्बिओनारा. तिथं बुरुजाला एकाच बाजूचा शेजारी, म्हणजे आडवा मारा अर्धा. शिवाय किनाऱ्यावर तोफा बसवल्या की बंदरात येणारी जहाजंही टप्प्यात. १६६८ पासून सगळा जोर तिथं लागला, आणि गोदाकाठ म्हणतात ती कोठाराची वाटच आवळली गेली.

साब्बिओनारा हे नावच वाळूवरून पडलेलं. वाळूत भुयार झटपट होतं, पण फळीशिवाय हातभरही टिकत नाही आणि थोडं खोल गेलं की पाणी.

सुरुंगाची दहशत माणसावर काय करते तेही याच बुरुजासमोर दिसलं. २५ जून १६६९ ला व्हेनिसच्या मदतीला आलेल्या ताज्या फ्रेंच फौजेनं बाहेर पडून तुर्कांचे मोर्चे घेतले. तिथं पडलेल्या दारूचा भडका उडाला. सगळी जमीन सुरुंगांनी भरलेली आहे असं वाटून फौज उलटी फिरली, सेनापती ड्यूक द बोफोर त्यात गेला. ऑगस्टमध्ये फ्रेंच निघून गेले. व्हेनिसचा सेनापती फ्रान्सेस्को मोरोसिनी याच्याकडं लढण्याजोगी सुमारे ३,६०० माणसं उरली आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यानं तह केला. शिबंदीला हत्यारांसह जायची मोकळीक, रहिवाशांनाही. जवळजवळ सगळं शहर जहाजांत बसून निघून गेलं. सूदा, ग्राम्वुसा आणि स्पिनालोंगा हे बेटालगतचे तीन किल्ले तेवढे व्हेनिसकडं राहिले.

गोदाकाठ

परंड्याबद्दल. पाण्याच्या खंदकाखालून जायचं तर भुयार खंदकाच्या तळाच्याही खाली न्यावं लागतं, आणि मुरूम-मांजऱ्यात भेगांतून पाणी झिरपतंच. म्हणून आधी खंदकाचं पाणी काढून टाका किंवा एका जागी माती-फांद्यांनी खंदक बुजवून त्यावरून आडोशानं तटाला भिडा. दोन्ही कामं वरच्या तोफांच्या माऱ्याखाली. १६३४ मध्ये मुघल शाहजादा शुजाला परंड्याचा वेढा उठवावा लागला तो मुख्यतः आसपास दहा-बारा कोसांत चारा-सरपण उरलं नाही आणि पावसाळा तोंडावर आला म्हणून. इथंही पुन्हा रसदच, फक्त या वेळी बाहेरच्याची.

आणि तुर्की तोफविद्या परंड्याला परकी नव्हती. १६३२ पर्यंत याच किल्ल्यात असलेली, नंतर विजापूरला नेलेली मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरात ओतली ती मुहम्मद बिन हसन रूमी यानं. रूमी म्हणजे तुर्कांच्या मुलखातला.

परंडा_खंदक

उत्तम. खंदकाच्या तळाची खोली आणि बाहेरच्या विहिरींची पाणीपातळी एका नकाशावर मांडतो, म्हणजे भुयाराला किती खाली जावं लागलं असतं ते निघेल. मुरूम कुठं संपतो आणि काळा दगड कुठं लागतो, तेही विहिरींच्या कडांवरून टिपून इथंच टाकतो.